भागाकाराचा रिव्ह्यू

पीआरमध्ये बदललेल्या ओळी तीनच. पहिलीत बॅच.साइज १६,३८४ वरून १०,४८,५७६, म्हणजे सोळा केबीवरून एक एमबी. दुसरीत लिंगर.एमएस शून्यावरून ५. तिसरी दुसऱ्या फाइलमधली, कन्झ्युमरची: मॅक्स.पोल.रेकॉर्ड्स ५०० वरून ६,०००. वर्णनाच्या जागी दोन शब्द: थ्रूपुट सुधारणा. अशा पीआरला बहुतेक ठिकाणी चहा थंड व्हायच्या आत मंजुरी मिळते. लॉजिक बदललेलं नसतं, टेस्ट पास झालेल्या असतात, बदललेत ते नुसते आकडे.

खालचे दोघं, त्यांची कंपनी आणि तिचे ट्रक मी रचलेले आहेत. अपाची काफ्काचे आकडे आणि त्याच्या आतली यंत्रणा मात्र आहे तशी आहे. तो ट्रकांचा ठावठिकाणा गोळा करणाऱ्या टीममधला, ती कंपनीचा काफ्का सांभाळणाऱ्या प्लॅटफॉर्म टीममधली. एका वयाचे, अरे-तुरेतले. पीआर त्याचा, रिव्ह्यू तिच्याकडे. ट्रकांवरची यंत्रं सेकंदाला साधारण ३,००० नोंदी पाठवतात, एक नोंद ४०० बाइटची. त्या सहा पॉडवर येतात आणि तिथून ४८ पार्टिशन असलेल्या एका टॉपिकमध्ये जातात. ट्रकचा नंबर ही की, म्हणजे एका ट्रकच्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये, क्रमाने.

ज्यांचा काफ्काशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: काफ्काचा प्रोड्यूसर मेसेज आला की लगेच ब्रोकरकडे, म्हणजे काफ्काच्या सर्व्हरकडे, सोडतो असं नाही, प्रत्येक पार्टिशनसाठी एक बॅच उघडून तीत तो टाकतो. ही बॅच दोन कारणांनी सुटते. भरली की सुटते, वडापच्या जीपसारखी. किंवा वेळ झाली की सुटते, एसटीसारखी. किती भरली की सुटायचं ते बॅच.साइज सांगतं, किती वेळ थांबायचं ते लिंगर.एमएस. जे आधी होईल ते.

तो: तीन आकडे आहेत. तू त्यावर नऊ कॉमेंट टाकल्यास.

ती: दहावी राहिली होती. तू बोलवलंस म्हणून थांबले.

तो: हे बघ, रिव्ह्यू कशाचा करायचा? लॉजिकचा. नल चेक राहिला, लॉक चुकीच्या जागी घेतला, टोकन लॉगमध्ये छापलं, तर सांग. आकडा बरोबर की चूक हे वाचून कुणालाच कळत नाही, मला नाही, तुला नाही. प्रॉडक्शनला टाकायचा, ग्राफ बघायचा, नाही जमला तर मागे घ्यायचा. तुझ्या नऊ कॉमेंटना उत्तरं लिहिण्यात जो दिवस गेला त्यात मी तीन वेगवेगळे आकडे लावून पाहिले असते.

ती: मान्य, बरोबर आकडा वाचून कळत नाही. पण निरुपयोगी आकडा वाचून कळतो. एक एमबी निरुपयोगी आहे.

तो: निरुपयोगी कसा? मोठी बॅच म्हणजे जास्त थ्रूपुट, हे काफ्काच्या पहिल्या पेपरमध्ये आहे. जे क्रेप्स, नेहा नारखेडे, जुन राव, लिंक्डइन, २०११. एक-एक मेसेज पाठवला तेव्हा प्रोड्यूसरने सेकंदाला ५०,००० टाकले. पन्नास-पन्नासच्या बॅचने पाठवले तेव्हा ४,००,०००. आठ पट. कोड तोच, मशीन तेच.

ती: मशीन किती होती?

तो: दोन. एकावर ब्रोकर, एकावर प्रोड्यूसर.

ती: म्हणजे प्रोड्यूसर एक. बॅच भरायला लागतील तेवढे मेसेज त्याच्या हाताशी तयार, आणि ब्रोकरच्या पोचपावतीसाठी थांबायचंही नाही. त्या प्रयोगात बॅच पन्नासची ठेवली की ती पन्नासचीच व्हायची. आपल्याकडे काय होतं बघ. सेकंदाला ३,०००. सहा पॉड, म्हणून एका पॉडकडे ५००. पार्टिशन ४८, म्हणून एका पॉडमधल्या एका पार्टिशनच्या वाट्याला सेकंदाला दहा आणि वर काहीतरी. म्हणजे दोन मेसेजमध्ये जवळपास ९६ मिलिसेकंद. तू लिंगर ठेवलास ५. पहिला मेसेज आला, बॅच उघडली, पाच मिलिसेकंद वाट पाहिली, सुटली. त्या पाचांत दुसरा मेसेज यायची शक्यता विसात एक.

तो: म्हणजे वीस बॅचमधल्या एकोणीस...

ती: एकट्या मेसेजच्या. ४०० बाइटची बॅच आणि तिला एक एमबीची मुभा. जुने सोळा केबी भरायलाच आपल्याला जवळपास चार सेकंद लागतील. एक एमबी भरायला चार मिनिटांहून जास्त. बॅच.साइज हे छत आहे रे. आपलं डोकं छताच्या जवळपासही जात नाही, आणि तू छत चौसष्ट पट उंच करतोयस.

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. ‘बॅच साइज ट्यून केली’ असं आपण म्हणतो तेव्हा आपण एक कमाल मर्यादा बदललेली असते. प्रत्यक्षात बॅच केवढी होते हा भागाकार आहे: वरती येणाऱ्या मेसेजचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, खाली पार्टिशनची संख्या गुणिले प्रोड्यूसरची, म्हणजे इथे पॉडची, संख्या. पीआरमध्ये यातला थांबण्याचा वेळ तेवढा दिसतो. बाकीचे तीन आकडे दुसरीकडे कुठेतरी राहतात, आणि पीआर वाचणाऱ्याला ते कुणी दाखवत नाही.

तो: बरं. काही उपयोग नाही हे मानलं. पण मग नुकसानही नाही ना? उंच छताखाली राहिल्याने कुणी मरत नाही. राहू दे, पुढे ट्रॅफिक वाढला तर कामाला येईल.

ती: नुकसान आहे. प्रोड्यूसर बॅच उघडतो तेव्हा आतल्या मेसेजएवढी मेमरी घेत नाही, पुढे आणखी येतील या आशेवर बॅच.साइजएवढा अख्खा बफर घेतो. एकूण मेमरी, बफर.मेमरी, आपण बदललेलीच नाही, ती डिफॉल्ट ३२ एमबी. सोळा केबीने भाग दिला तर २,०४८ बफर. एक एमबीने भाग दिला तर बत्तीस.

तो: आणि पार्टिशन ४८. पण थांब, ४८ बॅच एका वेळी उघड्या नसतात. तूच म्हणालीस, पाच मिलिसेकंदांत सुटतात.

ती: बरोबर. लिटलचा नियम लाव. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला: आत एका वेळी किती आहेत, तर येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. पॉडकडे सेकंदाला ५००. पाच मिलिसेकंद लिंगर आणि ब्रोकरच्या उत्तराला दहा धर, म्हणजे पंधरा. साडेसात बॅच. साडेसात एमबी. तुझा ग्राफ छान दिसेल. तू मला स्क्रीनशॉटही पाठवशील.

तो: पाठवला असता.

ती: आता ब्रोकर अडखळू दे. डिस्क मंदावली, एखादा ब्रोकर रीस्टार्ट झाला, लीडर बदलला. उत्तराला दहाऐवजी शंभर मिलिसेकंद लागू लागली. आत पन्नासच्या घरात बॅच. बफर बत्तीस. मग सेंड म्हटलं की कोड तिथेच अडकून बसणार, मॅक्स.ब्लॉक.एमएस म्हणजे साठ सेकंदांपर्यंत, आणि मग एक्सेप्शन. त्या साठ सेकंदांत एचटीटीपीचे थ्रेड अडकलेले, ट्रकवरची यंत्रं टाइमआउट होऊन पुन्हा पाठवतायत. सोळा केबी असते तर पन्नास बॅच झाल्या काय किंवा पाचशे, पत्ताही लागला नसता.

यावर तो थोडा गप्प झाला, आणि मला वाटतं तिने इथेच थांबायला हवं होतं. बदल बिनकामाचा आहे इतकंच असतं तर गोष्ट किरकोळ होती. हा बदल रोजच्या दिवशी बिनकामाचा आणि अडचणीच्या दिवशी घातक होता. ‘लावून बघू, ग्राफ बघू’ या पद्धतीत असा दोष सापडत नाही, कारण ग्राफ बघितला जातो तो रोजच्या दिवशी. पण ती थांबली नाही. तिसऱ्या ओळीकडे वळली.

ती: आणि कन्झ्युमर. एका पोलमध्ये ६,००० नोंदी. तू त्या सगळ्या एकाच इन्सर्टमध्ये पोस्टग्रेसला देतोस. कॉलम बारा. बारा सहा बहात्तर, ७२,००० पॅरामीटर. पोस्टग्रेस एका क्वेरीत ६५,५३५ च्या वर घेत नाही.

तो: हे स्टेजिंगला चाललं होतं. दोन दिवस.

ती: कारण स्टेजिंगला एका पोलमध्ये कधी सहा हजार आलेच नाहीत. कन्झ्युमर वेगाबरोबर चालतोय तोवर त्याला पोलमागे पाच-पन्नास मिळतात. सहा हजार कधी मिळतील? कन्झ्युमर अर्धा तास बंद पडून पुन्हा उठला तर. मागे साचलेलं सगळं समोर, पहिलाच पोल गच्च, क्वेरी फेल, ऑफसेट पुढे सरकत नाही, पुन्हा तीच सहा हजार, पुन्हा फेल. आधीच बंद पडलेली गोष्ट सुरूच होऊ शकत नाही.

तो: हे मात्र रिव्ह्यूचं यश म्हणू नकोस. टेस्टचं अपयश म्हण. टॉपिकमध्ये वीस हजार नोंदी आधी भरायच्या, मग कन्झ्युमर सुरू करायचा, अशी एक टेस्ट असती तर मशीनने मला दहा मिनिटांत सांगितलं असतं. तुला बारा सहाचा पाढा म्हणावा लागला, आणि पुढच्या वेळी तू रजेवर असशील.

ती: तशी टेस्ट कुणी लिहिली नव्हती.

तो: लिहायला हवी, इतकंच माझं म्हणणं. माणसाच्या लक्षात राहण्यावर जेवढं कमी टाकू तेवढं चांगलं.

ती: इन्सर्टची टेस्ट लिही, ती खरी ठरेल, पोस्टग्रेस लॅपटॉपवरही पोस्टग्रेसच असतं. पण प्रोड्यूसरच्या बॅचची टेस्ट सीआयमध्ये कशी लिहिशील? तिथे कंटेनरमध्ये एक ब्रोकर, टॉपिकला एक पार्टिशन, प्रोड्यूसर एक. तिथे भाजकच एक आहे. बॅच सुंदर भरतील, टेस्ट पास होईल, आणि आपण २०११ च्या पेपरवर परत.

इथे दोघंही बरोबर आहेत, आणि वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बरोबर आहेत. मर्यादा ओलांडली की फुटणारं मशीनला द्यावं. भागाकार मात्र प्रॉडक्शनच्या आकाराशिवाय मांडता येत नाही, आणि तो आकार सीआयमध्ये उभा करणं बहुतेकांना परवडत नाही.

तो: मला मूळ गोष्टच खटकते. हा आकडा आपण का ठरवतोय? सॉफ्टवेअरला ठरवू दे. टीसीपीत हेच झालं होतं. लोक टेलनेटवर एक अक्षर दाबायचे, एक बाइट माहिती आणि तिच्यावर चाळीस बाइटचे हेडर, असं एक्केचाळीस बाइटचं पॅकेट निघायचं. १९८४ मध्ये फोर्ड एरोस्पेसच्या जॉन नेगल यांनी नियम सुचवला: आधी पाठवलेल्याची पोच आली नसेल तर बारीकसारीक थोपवून ठेव, पोच आली की एकत्र सोड. त्यात मिलिसेकंदांचा आकडाच नाही. नेटवर्क मंद तर आपोआप मोठे तुकडे, जलद तर लहान. कुणी रिव्ह्यूत भांडायला नको.

ती: आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी ठरवलं की पोचही थोडी उशिरा पाठवू, म्हणजे उत्तराबरोबर जाईल. हा पोचेची वाट बघतोय, तो माहितीची. दोन्हीकडे शहाणपण आणि मध्ये दोनशे मिलिसेकंदांचा खोळंबा. म्हणून तर सगळे नेगल बंद करतात. काफ्काचा क्लायंटही करतो. टीसीपी-नोडिले चालू करून नेगल बंद, आणि वर लिंगरच्या नावाने तोच प्रकार स्वतःच्या हाताने. काफ्काच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिंगरची तुलना नेगलशी केली आहे.

तो: पण लिंगर शून्य असतानाही काफ्का थोडंफार तसंच वागतो. ब्रोकर व्यग्र असला, पुढच्या रिक्वेस्ट अडकल्या, की मागचे मेसेज त्याच बॅचमध्ये साचतात. गर्दी झाली की बॅच आपोआप मोठी. इतकी वर्षं डिफॉल्ट शून्य होतं ते त्यामुळेच ना?

ती: आणि आता नाही. २०२५ च्या मार्चमध्ये ४.० आलं, त्यात लिंगरचं डिफॉल्ट ५ झालं. कारणही दिलंय: बॅच मोठ्या झाल्याने जी कार्यक्षमता मिळते तिच्यामुळे पाच मिलिसेकंद थांबूनही एकूण उशीर सहसा तेवढाच राहतो किंवा कमी होतो.

तो: बघ, माझंच म्हणणं! नवा जावा प्रोड्यूसर ०.८.२ बरोबर आला, २०१५ मध्ये. तेव्हाच्या जाणकारांनी शून्य ठेवलं. दहा वर्षं हजारो लोकांनी ते चालवलं, बदललं, मोजलं. तेव्हा कुठे कळलं की पाच बरं. २०१५ मध्ये कुणी कितीही कडक रिव्ह्यू केला असता तरी पाच निघाले असते का? अनुभवातून निघाले.

ती: अनुभवातून निघाले आणि केआयपीतून, म्हणजे काफ्काच्या सुधारणा-प्रस्तावातून, गेले. प्रस्ताव लिहिला गेला, चर्चा झाली, मतदान झालं. नुसता कुणीतरी आकडा बदलून मर्ज केला नाही. आणि काफ्काच्या इतिहासातलं मला सगळ्यात आवडतं उदाहरण तर आकड्याचं नाहीच. २०१९ अखेरचं २.४. आधी की नसलेले मेसेज पार्टिशनवर एकेक करून वाटले जायचे, पत्ते वाटावेत तसे. सगळ्यांना सारखं, आणि म्हणून सगळ्यांच्या बॅच बारीक. केआयपी-४८० ने सांगितलं, एकाच पार्टिशनला चिकटून राहा, बॅच भरली किंवा सुटली की मगच पुढच्याला. बॅच.साइज तेच सोळा केबी. बॅच मोठ्या झाल्या, उशीर कमी झाला. भाजक बदलला.

तो: आणि त्यातूनही काहीतरी निघालंच असेल.

ती: निघालं. मंद ब्रोकरची बॅच जास्त वेळ पडून राहते, म्हणून तिच्यात जास्त मेसेज जमतात, म्हणजे मंद ब्रोकरलाच जास्त काम. २०२२ च्या ३.३ मध्ये ते दुरुस्त केलं. पण आपल्याला यातलं काहीच लागू नाही. आपल्या मेसेजना की आहे.

तो: मग एक मुद्दा माझा. लिंगरने बॅच भरत नाहीत हे पटलं. पण रिक्वेस्ट तर कमी होतात ना? एका ब्रोकरकडे रिक्वेस्ट निघाली की त्या ब्रोकरवरच्या सगळ्या पार्टिशनच्या उघड्या बॅच तिच्यात बसून जातात, त्यांची वेळ झालेली असो वा नसो. ब्रोकर तीन. लिंगर शून्य असताना एक पॉड सेकंदाला जवळपास ५०० रिक्वेस्ट काढतोय. पाचवर त्या निम्म्यावर येतात, वीसवर दीडशेच्या आत. ब्रोकरचं सीपीयू याच रिक्वेस्ट खातायत. मी पीआर टाकला तो त्यासाठी.

ती: हे खरं आहे. माझ्या हिशेबात मी पार्टिशनची बॅच धरली, रिक्वेस्ट धरलीच नाही. पण मग वर्णनात हे का नाही? ‘ब्रोकरकडे जाणाऱ्या रिक्वेस्ट कमी करायच्या आहेत’ एवढं लिहिलं असतंस तर नऊपैकी पाच कॉमेंट आल्याच नसत्या.

तो: लिहिलं तर आहे कधीकधी. कॉन्फिगमध्ये वरच बघ, दोन वर्षांपूर्वीची कॉमेंट. ‘दोन पॉड धरून हिशेब केला आहे.’ आज सहा आहेत. तेव्हा कारण लिहिलं गेलं, रिव्ह्यूही झाला, सगळं नीट झालं. आणि आज ते कारण खोटं आहे. उलट ती कॉमेंट आहे म्हणून कुणी हात लावत नव्हतं, कुणीतरी विचार करून ठेवलंय म्हणून.

ती: खोटं झालेलं कारण दिसतं तरी. ‘दोन पॉड’ वाचलं की माणूस पॉड मोजतो. नुसतं १६,३८४ वाचून काय मोजणार?

तो: तू मोजतेस. बाकी कुणी मोजत नाही. मी ती ओळ वर्षभर बघतोय, मी मोजले नाहीत.

रिव्ह्यूवर विश्वास असणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं, आणि तिच्याकडे ते नव्हतं. लिहिलेलं कारण शिळं होतं, आणि शिळं कारण कधीकधी नसलेल्या कारणापेक्षा जास्त अडवतं. कोडमधली कॉमेंट स्वतःहून कुणाला हाक मारत नाही. त्याने यावर जो उपाय काढला तो मला तिच्या नऊ कॉमेंटपेक्षा सरस वाटतो.

तो: कॉमेंट काढून टाकतो. त्याऐवजी अलर्ट लावतो. प्रोड्यूसर स्वतःच सांगतो की बॅच सरासरी केवढी होतेय, एका रिक्वेस्टमध्ये सरासरी किती नोंदी जातायत, बफरसाठी किती वेळ वाट पाहावी लागतेय. रिक्वेस्टमागे नोंदी तीनच्या खाली आल्या तर मेसेज येईल. कारण शिळं झालं की त्याच दिवशी कळेल, दोन वर्षांनी नाही.

ती: बफरसाठी वाट बघण्याचं प्रमाणही घाल, तो अलर्ट आधी वाजेल. आणि बॅच.साइज परत सोळा केबी.

तो: सोळा केबी. लिंगर वीस. खरं तर मी हजार म्हणणार होतो. ट्रकचा ठिपका नकाशावर एक सेकंद उशिरा हलला तर कुणाला कळणार आहे? एक सेकंद थांबलो तर पार्टिशनमागे दहा मेसेज जमतील. एकट्या मेसेजचं कॉम्प्रेशन काय होणार? वर बॅचचा ६१ बाइटचा हेडर. दहा एकत्र आले तर जेसनमधली तीच ती नावं दहा वेळा येतात, कॉम्प्रेशनला खरं खाद्य तिथे मिळतं. नेटवर्कचं बिल उतरेल.

ती: आपला पॉड ट्रकला ‘मिळालं’ कधी म्हणतो? काफ्काने पोच दिल्यावर की आधीच?

तो: पोच आल्यावर.

ती: मग पुन्हा लिटल. ५०० गुणिले एक सेकंद. प्रत्येक पॉडवर ५०० पर्यंत कनेक्शन ताटकळत. आज पाचेक असतात. आणि आधीच ‘मिळालं’ म्हणायचं ठरवलंस तर पॉड मेला की त्याच्याबरोबर पाचशेपर्यंत नोंदी गेल्या, आणि ट्रकला वाटतंय पोचल्या.

तो: पाचशे ठिपके. रोजच्या कोट्यवधींतले.

ती: भाडं किलोमीटरवर आकारतात. त्यातला एखादा ठिपका टोलनाक्यावरचा असेल.

तो: हे तू ठरवणार की मी?

ती: दोघंही नाही. बिलिंगवाल्यांना विचारावं लागेल. तोवर वीस.

असे प्रश्न पीआरमध्ये बसत नाहीत, तरी ते पीआरमध्येच सापडतात, म्हणून रिव्ह्यूचा कंटाळा येऊनही मी त्याच्या बाजूने आहे. एका मिलिसेकंदाच्या आकड्यात, उशीर कुणी सोसायचा आणि नुकसान कुणाच्या खात्यावर जायचं, हे ठरलेलं असतं, आणि तो आकडा टाइप करणाऱ्याला बहुधा त्याची कल्पना नसते.

ती: पण खरं सांगू? वीस करून आपण रिक्वेस्टचं बघतोय. बॅच बारीक त्या बारीकच. ४८ आणि सहा, यांचा गुणाकार २८८. त्याचं काय करायचं?

तो: ४८ हलवता येत नाहीत. काफ्कात पार्टिशन वाढतात, कमी होत नाहीत. नवा टॉपिक काढायचा, सगळे कन्झ्युमर तिकडे न्यायचे, ट्रकांचा क्रम सांभाळत. दोन महिन्यांचं काम. ४८ कुणी ठरवले?

ती: आमच्याच टीमने. पुढे वाढ होईल म्हणून.

तो: रिव्ह्यू झाला होता?

ती: झाला होता. पुढचं बोल.

तो: मग उरले पॉड. सहाचे दोन केले तर पार्टिशनमागे सेकंदाला एकतीस मेसेज. लिंगर शंभर ठेवला तरी बॅचमध्ये तीन-चार येतील. पण पॉड मी ठरवत नाही, ऑटोस्केलर ठरवतो. सीपीयू सत्तर टक्क्यांच्या वर गेलं की एक वाढवतो.

ती: सीपीयू कशाने वाढतं? बारीक बॅचने. मेसेजमागे एक बॅच, एक हेडर, एक कॉम्प्रेशन.

तो: म्हणजे पॉड वाढला की बॅच आणखी बारीक, मेसेजमागे सीपीयू आणखी जास्त, की आणखी एक पॉड.

ती: दोनाचे सहा असेच झाले असतील. ते सत्तर टक्के कुठे लिहिलेत?

तो: इन्फ्राच्या रेपोत. या पीआरमध्ये ती फाइल येऊच शकत नाही.

ती: तिथे रिव्ह्यूअर कोण?

तो: इन्फ्राची टीम. तुझ्यातलं कुणी नाही, माझ्यातलं कुणी नाही. सत्तरचे पंचाऐंशी केले तर त्यांना तो साधा आकडा वाटेल. लगेच अप्रूव्ह करतील.

ती: मग तो पीआर टाकताना रिव्ह्यूअरमध्ये माझं नाव घाल. आणि किमान पॉडची ओळही त्यात घे, ती सहावर आहे की दोनवर ते आधी बघ. सहावर असेल तर सत्तर बदलून काही होणार नाही.